पाठीवरची खुर्ची

मराठीत 'खुर्ची' हा शब्द वस्तूपेक्षा सत्तेचाच बोध अधिक करून देतो. खुर्ची मिळते, जाते, टिकवावी लागते. मात्र ती स्वतःच्या पाठीवर वाहावी लागते, असे कोणी म्हणत नाही. बसणारा एक आणि वाहणारा दुसरा, हे आपण गृहीतच धरलेले असते. प्रवासी खुर्चीचा इतिहास चाळताना हे गृहीतक आम्हांला वारंवार आठवत राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमध्ये जी सुटी होणारी खुर्ची रूढ झाली, ती रुरकी या गावाच्या नावाने ओळखली जाते. तिच्या सांध्यांत खिळा नाही, सरस नाही. लाकडी पायांच्या निमुळत्या भोकांत आडवे दांडे बसवायचे आणि कॅनव्हास ताणायचा. सांधे किंचित हलते असल्याने खडबडीत जमिनीवरही चारही पाय टेकतात. मुक्काम हलला की सगळ्याची एक वळकटी. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी १९३३ मध्ये हाच नमुना समोर ठेवून आपली 'सफारी' खुर्ची घडवली. कारागिरी म्हणून ही रचना थोरच.

परंतु ती हलकी होती कोणासाठी? साहेबाचे सामान हमाल, खेचरे आणि उंट वाहत. वाहणारा दुसरा असला म्हणजे वस्तूने एकच काम करणे परवडते. रुरकीची खुर्ची बसण्यापलीकडे कशालाही उपयोगी नव्हती, आणि असण्याची गरजही नव्हती.

ही गरज निर्माण झाली ती बसणारा आणि वाहणारा एकच झाल्यावर. १९५५ साली ६७ वर्षांच्या एम्मा गेटवुड अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन पायवाट एकट्याने चालून गेल्या. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी होती. पाऊस आला की न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा अंगावर घ्यायचा. एका वस्तूने अनेक कामे करावीत, हा दंडक पुढे रे जार्डिन यांच्या १९९२ च्या पुस्तकानंतर हलक्या भटकंतीचे सूत्रच बनला.

खुर्चीनेही हा दंडक मानला. १९८० च्या दशकात अमेरिकेत बिनपायांची फोमची खुर्ची आली: बैठक, पाठ आणि दोन्ही बाजूंना पट्टे, एवढेच. पट्टे सोडून ती सपाट केली की रात्री झोपण्याच्या पिशवीखाली अंथरता येते. घडी करून बिनसांगाड्याच्या पाठपिशवीत पाठीच्या बाजूस ठेवली की पिशवीला ताठपणा येतो. २०१२ मध्ये दक्षिण कोरियाच्या हेलिनॉक्सने तंबूच्या अ‍ॅल्युमिनियम दांड्यांचे तंत्र वापरून एक किलोच्या आतली पायांची खुर्ची आणली. ती अधिक सुखाची खरी, पण तिच्याकडे पुन्हा मुख्यत्वे एकच काम उरले. म्हणूनच प्रत्येक ग्रॅम मोजणारे पदयात्री तिला चैन म्हणतात, तर दिवसभर चालून गुडघे दुखणारे तिला गरज मानतात.

या वादात आम्हांला हसण्यासारखे काही दिसत नाही. जो स्वतः वाहतो, त्यालाच आपल्या सुखाचे वजन कळते. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीत आपण अस्थिरतेची कीव करतो. पण त्या विंचवाचा भार निदान दुसऱ्या कोणाच्या पाठीवर नसतो. हिमालयातील मोठ्या मोहिमांच्या भोजनतंबूत आजही खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि त्या तिथवर भारवाहकांच्या किंवा जनावरांच्या पाठीवरूनच आलेल्या असतात. रुरकीची छावणी अजून पुरती उठलेली नाही.