एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा तापसह मिश्रधातू

वाहनांच्या इंजिनांसाठी पिंपरी-चिंचवड–चाकण पट्टा देशभर ओळखला जातो. इंजिनातला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७००° से.च्या आसपास तापतो. त्या तापमानाला साधे पोलाद ताणाखाली हळूहळू लांबत जाते. यालाच क्रीप म्हणतात. म्हणून २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, शिवाय मँगॅनीज व नायट्रोजन असलेले पोलाद वापरतात. त्याहून खडतर कामाला निमोनिक ८०ए हा निकेलप्रधान मिश्रधातू लागतो. तो १०८०° से.ला ८ तास तापवून हवेत थंड करतात, मग ७००° से.ला १६ तास ठेवतात. त्यात निकेल, ॲल्युमिनियम व टायटॅनियमचे अतिसूक्ष्म कण तयार होऊन स्फटिकातील घसरण रोखतात. भट्टीतली ही दुसरी पायरी सर्वांत मोलाची. तापमान चढले तर कण जाडावतात आणि बळ घटते. व्हॉल्व्हच्या बैठकीवर बहुधा कोबाल्टयुक्त स्टेलाइटचा थर चढवतात.