तात्पुरतं घर

आमच्या घरात गेल्या वर्षी अकरा आठवडे एक कुत्रा राहून गेला. ‘राहून गेला’ म्हणतो, कारण तो आमचा नव्हता आणि आमचा होणारही नव्हता. मुलीच्या ओळखीच्या काही प्राणिप्रेमी मंडळींनी त्याला महामार्गाच्या कडेला जखमी अवस्थेत उचललं होतं. पाय बरा झालेला, वय दहा महिने, लशी टोचलेल्या, नसबंदी झालेली आणि ठेवायला जागा नाही. कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी त्याला सांभाळायचं, याला हल्लीची मुलं ‘फॉस्टर करणं’ म्हणतात. मुलीने त्याचं नाव पारा ठेवलं. पहिले तीन दिवस तो पलंगाखाली गप्प पडून होता. नाव किती नेमकं आहे ते चौथ्या दिवशी कळलं.

घरात माझी खाला राहते. आईची धाकटी बहीण, वय ऐंशीच्या पुढे. आम्ही मूळचे कोकणातले, शाफई परंपरेचे. कुत्र्याने भांड्याला तोंड लावलं तर ते सात वेळा धुवायचं, त्यातून एकदा मातीने, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. राखणीला, शिकारीला, गुरांमागे कुत्रा पाळायची मुभा आहे; हौसेखातर घरात ठेवायची नाही. म्हणून खालाने पहिला प्रश्न विचारला, “हा राखणीचा आहे का?” मी म्हटलं, “नाही खाला, पाहुणा आहे.” तिने दुसरा प्रश्न विचारला, “किती दिवसांचा?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण कुत्र्याला ‘थोडे दिवस’ ठेवायचं ही कल्पना माणसाला सुचली कधी, हा शोध मी त्या प्रश्नामुळे घेऊ लागलो. आणि गंमत अशी, की त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईत सापडतो.

साल १८३२. कंपनी सरकारची मुंबई. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव कमी करण्यासाठी उन्हाळ्याच्या दिवसांत ती मारण्याचा हुकूम निघत असे आणि शिपायांना मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत. पैसे मिळतात म्हटल्यावर हात सैल सुटणारच. पाळलेली कुत्रीही लोकांच्या दारातून ओढून नेतात, अशी तक्रार होती. ६ जूनला पारशांचा पवित्र दिवस होता आणि त्याच दिवशी किल्ल्याच्या परिसरात कुत्री मारण्याचं काम चाललं होतं. पारशांच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ असतो; मृत देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी विशेष मानाचा. जमाव खवळला, त्याने शिपायांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा शिधा अडवला गेला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही होते. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, धरपकड झाली. मुंबईतली ही पहिल्या मोठ्या दंगलींपैकी एक, आणि ती झाली कुत्र्यांवरून! आपल्या शहरात पुढे कशाकशावरून दंगली झाल्या ते आठवलं, की या दंगलीबद्दल मला थोडी मायाच वाटते.

मग तोडगा निघाला तो असा, की कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत. म्हणजे त्रास आपल्या गल्लीतून दुसऱ्याच्या गावात. पण दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. भुलेश्वरच्या बाजूला तो आजही आहे. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरं तिथे मरेपर्यंत पोसायची. या दानतीपुढे मान झुकते. पण पांजरापोळाला एकच दार होतं, आत जायचं. म्हाताऱ्या गायीला तेवढं पुरतं. दहा महिन्यांच्या तरण्या कुत्र्याला, ज्याच्यापुढे बारा-तेरा वर्षांचं आयुष्य आहे, त्याला ते पुरत नाही. त्याला आत यायला दार हवं आणि बाहेर पडायलाही.

ते दुसरं दार उघडलं लंडनमध्ये, १८६० साली. मेरी टिल्बी नावाची एक बाई. तिच्या मैत्रिणीने उपासमारीने मरायला टेकलेला एक कुत्रा स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. दोघींनी शुश्रूषा केली, तरी तो गेला. पण टिल्बीबाईंनी अशी आणखी कुत्री घरात आणायला सुरुवात केली, आणि मग हॉलोवे भागात जागा घेऊन रीतसर संस्था काढली. तिचं नाव होतं, ‘हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरतं घर’. नावातला ‘तात्पुरतं’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. हरवलेल्या कुत्र्याचा मालक शोधायचा, नसेल तर नवा मालक मिळवायचा, तोवर इथे ठेवायचं.

‘टाइम्स’ने या बाईची यथेच्छ टिंगल केली. लंडनच्या रस्त्यांवर माणसं उपाशी मरत असताना कुत्र्यांना घर? हा सवाल आजही कुत्र्याला पोळी घालणाऱ्या प्रत्येकाला ऐकावा लागतो, आणि विचारणारा सहसा माणसालाही पोळी घालत नसतो. ते असो. १८६२ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात एक लेख आला. त्यात इस्लिंग्टनमधलं उंची कुत्र्यांचं प्रदर्शन आणि जवळच असलेलं हे गरीब कुत्र्यांचं घर शेजारी शेजारी ठेवून दाखवलं होतं. वारं थोडं फिरलं. टिल्बीबाई १८६५ मध्ये वारल्या. १८७१ मध्ये संस्था बॅटरसीला गेली आणि आज त्याच नावाने ती जगभर ठाऊक आहे.

इथे गोष्ट गोड करून थांबता आलं असतं, पण पुढचं सांगायला हवं. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना रस्त्यावरची कुत्री पकडण्याचा अधिकार मिळाला आणि ती सगळी याच घरात येऊ लागली. येणारी भाराभर, नेणारे मोजके. मग मुदती आल्या. १८८४ मध्ये बॅटरसीत वायूने जीव घेणारी कोठडी बांधली गेली. ती बांधणारे डॉक्टर बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन हे दयाळू गृहस्थ होते. मरण वेदनेशिवाय यावं एवढाच त्यांचा हेतू होता. म्हणजे ‘तात्पुरतं’ या शब्दाचा दुसराही अर्थ निघाला. जागा मोजक्या असल्या आणि बाहेरचं दार अरुंद असलं, की तात्पुरत्या घराचं काय होतं ते हे.

मग उपाय काय? तो प्राणिप्रेमींच्या आधी शिकाऱ्यांना सापडला होता. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीसाठी कुत्र्यांचे कळप पाळत. त्यांची पिल्लं कुत्राघरात वाढवली तर ती बुजरी किंवा आडदांड होतात, म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांकडे काही महिने ठेवायला देत. पिल्लू तिथे कोंबड्यांमध्ये, मेंढ्यांमध्ये, मुलांमध्ये, गाड्यांच्या खडखडाटात वाढायचं आणि मग कळपात परत जायचं. हीच रीत पुढे अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांसाठी आली. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ‘द सीइंग आय’ या संस्थेने १९४२ पासून गावातल्या शाळकरी मुलांकडे पिल्लं वाढवायला दिली. वर्षभर जीव लावायचा आणि मग आपल्या हाताने परत द्यायचं. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना हे जमतं, हे वाचून मला माझीच लाज वाटली. ती का, ते पुढे येईल.

संस्थेत पिंजरे वीस असतील तर एकविसावा बाहेर राहतो. गावातली घरं मात्र हजारो असतात. आणि पिंजऱ्यात तरणा कुत्रा बिघडतो. दिवसभर कोंडलेला, म्हणून माणूस दिसला की अंगावर उड्या मारतो, भुंकतो. बघायला आलेलं कुटुंब घाबरून पुढे जातं, एखादं इवलंसं पिल्लू उचलतं. हा मागे राहतो, आणखी बिघडतो. घरात ठेवलेला कुत्रा कसा आहे हे मात्र सांगता येतं. आम्ही पाराची एक वहीच केली होती. कुकरच्या शिटीला घाबरतो. लिफ्टमध्ये शांत बसतो. मांजराच्या मागे धावतो, पण मांजर उभी राहिली तर तोच मागे सरतो. पहाटेच्या अजानला मान वर करतो, सूर लावत नाही.

पाराने काय काय खाल्लं याची यादी मोठी आहे. तीन चपला, पायपुसणी, टीव्हीचा रिमोट आणि माझ्या दुसऱ्या कवितासंग्रहाच्या दोन प्रती. (त्या संग्रहाची एवढ्या आवडीने दखल दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.) नुसतं फिरवून हा दमत नाही हे लवकर कळलं. सकाळी तासभर चालवून आणलं की मी आडवा व्हायचो आणि तो ताजा व्हायचा. मग मुलीने युक्ती काढली. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत भाकरीचे तुकडे लपवायचे आणि त्याला नाकाने शोधू द्यायचं. वीस मिनिटं हुंगत बसला की डोळे मिटायला लागायचे. जेवण समोर ठेवून ‘थांब’ म्हणायचं, थांबला की द्यायचं. उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की कुरवाळायचं. घरातल्या सगळ्यांनी हे न चुकता करायचं, यातच खरी कसोटी. सगळ्यात आधी चुकायचो मीच.

सातव्या आठवड्यात एक कुटुंब मिळालं. माणसं चांगली, घर मोठं. आम्ही त्याला निरोप दिला आणि पाचव्या दिवशी फोन आला, सोफा फाडलाय, घेऊन जा. मला राग आला. त्यांचा नव्हे, आमचाच. वहीत आम्ही गोड गोड लिहिलं होतं. एकटा चार तास ठेवला तर हा काय करतो ते लिहिलंच नव्हतं, कारण आमच्याकडे तो एकटा कधी राहिलाच नव्हता. परत आल्यावर तो दोन दिवस पुन्हा पलंगाखाली गेला. पुढचे चार आठवडे आम्ही त्याला एकटं राहायला शिकवलं. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास. आम्ही सगळे जिन्यात उभे राहून आतला आवाज ऐकत असू आणि शेजारी आमच्याकडे बघत.

खाला त्याला हात लावत नसे. त्याची जागा तिने ठरवून दिली होती, बाल्कनीचा उंबरठा. पण रात्री ती त्याला एक गोष्ट सांगायची, तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या पायमोज्यात पाणी भरून आणणाऱ्या वाटसरूची. हदीसमधली गोष्ट आहे ही, त्या पाण्यापायी त्या माणसाचे गुन्हे माफ झाले. आणि कुराणातल्या गुहेत झोपी गेलेल्या तरुणांबरोबर एक कुत्रा आहे, तोही पुढचे पाय पसरून उंबरठ्यावरच बसलेला. परंपरेने त्याला कितमीर हे नावही दिलं आहे. घरात नाही आणि हाकललेलाही नाही, असं हे नातं. उस्मानी इस्तंबूलमध्ये शतकानुशतकं कुत्री अशीच मोहल्ल्याची म्हणून जगली, लोक त्यांना दारात खायला घालत. मग १९१० मध्ये शहर आधुनिक करायच्या नादात हजारो कुत्री पकडून एका ओसाड बेटावर नेऊन टाकली गेली. अन्न नाही, पाणी नाही. त्यांचं रडणं शहरापर्यंत ऐकू येत असे म्हणतात. मारायचं नाही, फक्त दूर सोडायचं, हाच १८३२ चा आपला तोडगा त्या बेटावर कुठवर गेला ते पाहा. २०२४ मध्ये तुर्कस्तानने कायदा बदलला. रस्त्यावरची कुत्री आता दत्तक जाईपर्यंत निवाऱ्यात ठेवायची आहेत.

आपल्याकडे मुंबई महापालिकेने १९९४ मध्ये कुत्री मारणं थांबवलं. २००१ च्या आणि मग २०२३ च्या नियमांनी नसबंदी करून, लस टोचून त्याच भागात सोडण्याची पद्धत आली. ती नीट राबवली गेली नाही, हे कुठल्याही गल्लीत दिसतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही, आणि चावा बसतो तो अनेकदा पायी चालणाऱ्या गरिबाच्या मुलाला. त्याच्या आईला कुत्र्यावरच्या प्रेमाचं व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी कुत्री निवाऱ्यात नेण्याचा आदेश दिला. ११ दिवसांतच मोठ्या पीठाने तो बदलून लस टोचून त्याच जागी सोडण्यास सांगितलं. पिसाळलेली आणि हिंस्र कुत्री त्यातून वगळली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. निवारे बांधले जातील. पण त्यांना बाहेरचं दार कोण देणार, हे कुठल्या आदेशात लिहिता येत नाही. बॅटरसीची कोठडी मला अधूनमधून आठवते ती यामुळे.

अकराव्या आठवड्यात एक निवृत्त एसटी चालक आणि त्यांची पत्नी आली. या वेळी वहीत सोफाही होता. त्यांनी ती सगळी वाचली, म्हणाले, “आमच्याकडे सोफा नाही.” पारा त्यांच्या चपला हुंगत बसला. मी आत जाऊन मुलीला म्हटलं, ठेवून घेऊ या का आपणच? ती म्हणाली, “अब्बा, आपण ठेवला तर पुढचा कुठे ठेवायचा?” तेव्हा मला न्यू जर्सीची ती मुलं आठवली.

तो गेला त्या संध्याकाळी खाला फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाराची ताटली बाल्कनीत पालथी घातलेली दिसली, लख्ख. शेजारच्या जास्वंदीच्या कुंडीतली मूठभर माती कमी झाली होती.