आईची सही

मूल तापले की रात्रभर उशाशी आई बसते. कागदावर सही मात्र वडिलांची. असे का?

१९५६ च्या कायद्याने हिंदू मुलाचा पालक पिता व ‘त्याच्यानंतर’ माता, असे ठरविले. रिझर्व्ह बँकेने मुलाच्या रोख्यांसाठी वडिलांची सही मागितली, तेव्हा लेखिका गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली निकाल लागला: वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील, तर आईच पालक.

आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांतून कुटुंबे परदेशी जातात. घर दुभंगले, की मुलाला कोणी न्यावे हा प्रश्न उभा राहतो. पासपोर्टसाठी दोघांची संमती मागतात. एकाची मिळत नसल्यास दुसऱ्याला कारण लिहून द्यावे लागते.

१९९७ साली अमेरिकेहून मुलासह परतलेल्या एका आईचा दावा सर्वोच्च न्यायालयात होता. वडिलांकडे तेथील न्यायालयाचा हुकूम होता. पण मुलगा बारा वर्षे आईजवळ येथेच वाढलेला. न्यायालयाने हुकुमापेक्षा मुलाचे हित मोठे मानले. मुलगा आईपाशी राहिला.

तो न्याय आईला मिळाला खरा, पण मुलासाठी मिळाला. म्हणून रागाच्या भरात मूल उचलून कोणीच, आईनेही, विमानात बसू नये. आधी संमती मागावी. न मिळाल्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी.