उजेडाचा उपचार आणि न उच्चारलेले दुखणे

बिरवाडी-महाड परिसरातल्या बायकांच्या तोंडून आम्ही जे ऐकत आलो, त्यात एका दुखण्याला नाव नाही. ‘जागेची खाज’, ‘आतलं दुखणं’ असे काही पुटपुटले जाते आणि विषय मिटतो. भाषेचे अध्यापक म्हणून हा नावाचा अभाव आम्हांस अस्वस्थ करतो. कारण ज्याला शब्द नाही, त्याला उपचारही उशिरा मिळतो.

वैद्यकात या विकाराला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. १८८७ साली हालोपो या फ्रेंच वैद्याने त्याचे वर्णन केले. स्त्रीच्या जननेंद्रियावरची त्वचा पांढुरकी व पातळ होते, खाजते, चिरते. पुढे व्रण धरून आकारही बदलतो. रजोनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण अधिक, पण लहान मुलींनाही तो होतो. तो संसर्गजन्य नाही. मात्र दुर्लक्षिल्यास क्वचित कर्करोगाचा धोका संभवतो, म्हणून नियमित तपासणी हवी. आपल्याकडे पांढरा डाग म्हटला की ‘कोड’ हाच शब्द ओठांवर येतो, आणि त्या शब्दामागची सामाजिक भीती रुग्णेला आणखी गप्प करते.

पांढऱ्या डागांवर उन्हाचा उपाय आपल्याला नवा नाही. चरकसंहितेत श्वित्राच्या रुग्णाला औषध देऊन उन्हात बसवण्याचा विधी आहे. बावचीचे बी याच कामी येई. पश्चिमेकडे नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ साली नोबेल मिळाले. त्याआधी, १९०० साली, म्युनिचमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला एक गोष्ट आढळली होती : ॲक्रिडीन रंग आणि उजेड एकत्र आले की सूक्ष्मजीव मरतात. प्रकाशगतिक उपचाराचे मूळ या निरीक्षणात आहे. आज त्वचेवर अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल लावतात, काही तास थांबतात आणि मग तांबडा प्रकाश सोडतात. त्वचेतील पेशींत तयार झालेले द्रव्य प्राणवायूच्या साह्याने विकृत पेशींवर आघात करते. लायकेन स्क्लेरोससवर हा उपचार जर्मन वैद्यांनी १९९९ साली करून पाहिला. खाज कमी झाल्याचे अनुभव आहेत, उपचारावेळी वेदनाही होतात. पण अभ्यास लहान आहेत. पहिला उपाय आजही तीव्र स्टेरॉइड मलम हाच, तोही वैद्याच्या देखरेखीखाली. उजेडाचे स्थान त्यानंतरचे.

पण रुग्णा दवाखान्यापर्यंत पोहोचली तरच हे सारे. येथे इतिहासाचे दुसरे पान उघडावे लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षीच्या जुलैत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि वाचकांच्या शरीरविषयक प्रश्नांना मराठीत, संकोच न बाळगता उत्तरे दिली. १९३४ साली या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते महाडच्या सत्याग्रहाचे नेते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या निधनापर्यंत, चालू राहिले.

हे दोन लढे एका मापाने मोजावेत, असे आमचे म्हणणे नाही. तरी एकाच माणसाने दोन्ही ठिकाणी उभे राहावे, यात अर्थ आहे. पाण्यावरची बंदी आणि प्रश्नावरची बंदी, दोन्हींच्या मुळाशी शुद्धाशुद्धतेच्या कल्पना होत्या. तळे खुले झाले. शब्द अजून पुरते खुले झालेले नाहीत. औषधाच्या दुकानातून खाजेचे मलम आणून वर्षानुवर्षे गप्प राहणारी बाई आमच्या-तुमच्या घरातलीच असते.

मराठीचे वर्ग आपण घेतो. त्या वर्गांत ‘समाजस्वास्थ्या’चा एखादा अंक भाषेचा नमुना म्हणून वाचायला काय हरकत आहे? तांबडा दिवा शहरातल्या रुग्णालयात असेल. पण ‘मला इथे दुखते’ हे वाक्य बोलायला शिकवणे आपल्या हाती आहे.