कणीस-विळ्याचा खासदार

फेब्रुवारी म्हणजे बीडकडे रब्बी ज्वारीच्या काढणीचे दिवस. 1967 ची लोकसभा निवडणूक नेमकी याच दिवसांत आली आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाची निशाणी होती कणीस-विळा. हातात विळा, समोर कणीस आणि मतपत्रिकेवरही तेच चित्र! प्रचारकाला आणखी काय हवं? उमेदवार मात्र इथला नव्हता. क्रांतिसिंह नाना पाटील कृष्णाकाठचे, येडेमच्छिंद्रचे. 1957 मध्ये साताऱ्याने त्यांना लोकसभेत धाडलं होतं, दहा वर्षांनी बीडने धाडलं.

परक्या मुलखातल्या माणसाला बीडने आपलं मानलं, कारण त्याची कीर्ती आधीच पोचली होती. 1943 ते 1946 या काळात सातारा भागात त्यांचं प्रतिसरकार चाललं. गावगुंडांच्या आणि फितुरांच्या तळपायांना पत्र्या ठोकतात अशी बोलवा होती, म्हणून लोकांच्या तोंडी ते ‘पत्री सरकार’. पण दहशतीपेक्षा त्याचं दुसरं अंग जास्त मोलाचं होतं. गावातले तंटे गावातच मिटवणं, दारूबंदी आणि थोडक्या खर्चातली ‘गांधी लग्नं’. मुलीच्या लग्नापायी सावकाराच्या दारात बसणाऱ्या बापाला हे राजकारण कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

बीडला डावं वळण काही त्या वर्षी लागलं नाही. निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला संपलं, तरी तेलंगणच्या सशस्त्र लढ्यामुळे हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. म्हणून 1952 ला डाव्यांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने निवडणूक लढवली आणि बीडचे पहिले खासदार रामचंद्र गोविंद परांजपे याच फ्रंटचे निघाले.

नाना पाटील दिल्लीला गेले तेव्हा व्हिएतनामवर अमेरिकी बॉम्ब पडत होते आणि कोलकात्यातले डावे ‘तोमार नाम, आमार नाम, व्हिएतनाम’ अशा घोषणा देत होते. झेंडा लालच, पण व्हिएतनामची गोष्ट वेगळी. उत्तर व्हिएतनाममध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या हाती सरकार होतं. तिथल्या जमीन सुधारणेत जमीनदार ठरवून अनेकांना मारण्यात आलं. 1956 मध्ये पक्षानेच चुका कबूल केल्या. देश एक झाल्यावर 1981 मध्ये बौद्ध संघ पक्षाच्या पितृभूमी आघाडीखाली आणला गेला. जुन्या एकीकृत बौद्ध संघाने ते मानलं नाही, तेव्हा थिच हुएन क्वांग आणि थिच क्वांग डो या भिक्षूंना वर्षानुवर्षं नजरकैदेत राहावं लागलं.

बीडच्या लाल बावट्याच्या वाट्याला सत्ता कधी आलीच नाही. आली ती मतं. देवळाच्या कारभारात नाक खुपसायची ना त्याला ताकद होती, ना सोय. मतमोजणीनंतर काही दिवसांनी महाशिवरात्र आली आणि परळीला वैजनाथाच्या दर्शनाची रांग नेहमीसारखीच लागली. कणीस-विळ्यावर शिक्का मारणारा माणूस आषाढीला पंढरीची वाट धरायचा, त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नव्हतं. व्हिएतनामशी तुलना करताना ही गोष्ट कम्युनिस्टांच्या उदारपणाच्या खात्यावर मांडू नये. सत्ता हाती आली असती तर काय झालं असतं, याची परीक्षा इथे झालीच नाही.

1971 मध्ये जागा काँग्रेसच्या सयाजीराव पंडितांकडे गेली. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. माणसं रोजगाराच्या कामावर खडी फोडत होती, सुकडीवर दिवस काढत होती. आणीबाणी लागली तेव्हा नाना पाटलांचा पक्ष इंदिरा गांधींच्या बाजूला राहिला, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष विरोधात. डिसेंबर 1976 मध्ये नाना पाटील गेले आणि 1977 ला बीडने मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून दिले.

त्यानंतर लाल बावट्याचा खासदार बीडमधून गेलेला नाही. विळ्याची जागा ऊसतोडीच्या कोयत्याने घेतली. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं आजही साखर कारखान्यांकडे निघतात आणि मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’.