गुपिताचे वाटेकरी

नायिका मरणार हे पूर्वार्धातच कळते, असा चित्रपट लोक तिकीट काढून का पाहतात? 'डार्क व्हिक्टरी'च्या निमित्ताने या प्रश्नाचा मी बरीच वर्षे पाठपुरावा केला आहे. ही कथा १९३४ मध्ये ब्रॉडवेवर नाटक म्हणून आली आणि टालूला बँकहेडसारखी अभिनेत्री असूनही ५१ प्रयोगांतच आटोपली. १९३९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने तिच्यावर चित्रपट काढला. दिग्दर्शक एडमंड गोल्डिंग, नायिका बेटी डेव्हिस. हा चित्रपट मात्र लोकांनी उचलून धरला. त्याला तीन ऑस्कर नामांकनेही मिळाली.

ज्युडिथ ही श्रीमंत, घोड्यांची शौकीन तरुणी. तिच्या मेंदूत गाठ निघते. शस्त्रक्रिया होते, पण आजार उलटणार, आधी दृष्टी जाणार आणि काही तासांत मृत्यू येणार, हे डॉक्टरला ठाऊक असते. तो आणि मैत्रीण अ‍ॅन ही गोष्ट तिच्यापासून लपवतात. आपल्याला मात्र सारे माहीत असते. ज्युडिथ हसते तेव्हा प्रेक्षागृहात हुंदका का येतो, त्याचे उत्तर मला इथे सापडते. पुढे स्वतःचीच फाइल हाती लागून तिला सत्य कळते.

शेवटी गुपिताची बाजू पालटते. बागेत रोपे लावताना हाताला ऊन लागते आहे, तरी अंधारून येते आहे, हे तिला जाणवते. डॉक्टर आता तिचा नवरा आहे. त्याला काही कळू न देता ती त्याला न्यूयॉर्कला पाठवते. आधी तिच्यापासून लपवले गेले, आता ती लपवते. दोन्ही वेळा प्रेक्षक वाटेकरी असतो.

यानंतर आणखी एक प्रसंग चित्रित झाला होता: ज्युडिथचा घोडा शर्यत जिंकतो आणि तबेल्याचा माणूस, म्हणजे हम्फ्री बोगार्ट, रडतो. प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी खेळात तो लोकांना रुचला नाही आणि कापला गेला. माझ्या मते कारण साधे आहे. ज्युडिथ गेल्यावर गुपितच उरत नाही. मग घोडा जिंकला काय नि हरला काय! आज चित्रपट तिच्या धूसर होत जाणाऱ्या चेहऱ्यावर संपतो.

हे नुसते पडद्यावरचे नाट्य नव्हते. १९६१ मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतील २१९ डॉक्टरांची पाहणी केली. कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे सुमारे ९० टक्क्यांचा कल होता. १९७९ मध्ये तशाच दुसऱ्या एका पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. म्हणजे १९३९ च्या थिएटरातल्या कित्येकांच्या घरी असे एखादे गुपित असणे सहज शक्य होते. घरी रुग्णासमोर डोळे कोरडे ठेवावे लागत. अंधारात, अनोळखी माणसांत, ज्युडिथसाठी रडले तर कुणी कारण विचारत नसे.