विद्युत्तारांवरील संदेशवहन : कळव्याचा पुरावा

विजेच्या तारांतून इंटरनेट पोहोंचविणें ही अगदीं नवी कल्पना होय, असा समज आढळतो. आमच्या मतें तो निराधार आहे. मुंबईच्या गिरण्यांस खोपोलीची वीज १९१५ त मिळूं लागली. पुढें उच्चदाबाच्या वाहिन्यांवरूनच बोलणें व आंकडे धाडण्याची पद्धति देशांत रूढ झाली. नवी मुंबईंत ऐरोलीजवळील कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रास उपकेंद्रांची वार्ता अशाच मार्गानें येत असे. वीज ५० हर्ट्झची, संदेश हजारों हर्ट्झचा. म्हणून दोन्ही एका तारेवर नांदतात. संधारक संदेशास तारेवर चढवितो. लहररोधक वेटोळें त्यास भलत्या वाटेनें जाऊं देत नाहीं.

मग घरोघरचा प्रयोग कां फसला? मँचेस्टरचा १९९७ चा उपक्रम १९९९ त थांबला. अमेरिकेंतील मनॅससचा २०१० त. तारांतून लहरी बाहेर फांकत, हौशी रेडिओवाले तक्रार करीत. शिवाय खर्च फार, ग्राहक थोडे. प्रेषण केंद्रास मोजके शब्द पुरत. घरास तेवढ्यानें भागत नाहीं.

आतां काचतंतु या पद्धतीस मागें सारीत आहेत. उपकेंद्रांतील जुन्या नोंदवह्या व वेटोळीं संग्राहकांनीं वेळींच मिळवावीं. रद्दींत गेलेल्या मोडी रुमालांची गति त्यांस येऊं नये.